कंट्री संगीत, दातृत्व आणि शेतकरी : अमेरिकेतील ‘फार्म एड’ संगीत महोत्सवाचा ऐतिहासिक अभ्यास (१९८५ ते २०२५)

प्रस्तावना

संकटग्रस्तांच्या मदतीसाठी कलावंतांनी कार्यक्रम करावा व त्यातून निधी उभारावा, ही प्रथा जगातील बहुतेक समाजांत आढळते. दुष्काळ, महापूर, भूकंप किंवा युद्ध अशा प्रसंगी नाट्यप्रयोग, जलसे व संगीताच्या मैफली होतात, जमलेली रक्कम संबंधितांकडे सुपूर्द केली जाते आणि उपक्रम तेथेच संपतो. २२ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शँपेन या गावी झालेला ‘फार्म एड’ हा महोत्सवही आरंभी याच स्वरूपाचा होता. कर्जात बुडालेल्या शेतकरी कुटुंबांसाठी कंट्री संगीतातील गायक विली नेल्सन यांनी तो योजला होता. परंतु हा उपक्रम एका दिवसात संपला नाही. चार दशके तो चालू राहिला आणि २० सप्टेंबर २०२५ रोजी मिनियापोलिस येथे त्याचा चाळिसावा वर्धापन महोत्सव पार पडला.

येथे इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो. शेतकऱ्यांचे संकट हे नैसर्गिक आपत्तीसारखे नव्हते. ते व्याजदर, बाजारभाव व शासकीय धोरण यांतून निर्माण झाले होते. अशा धोरणजन्य संकटास दातृत्व हे उत्तर होऊ शकते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने ‘फार्म एड’च्या उदयाचा, कार्याचा व मर्यादांचा परामर्श घेतला आहे. जमा झालेल्या रकमेच्या आकड्यावरून या महोत्सवाचे मूल्यमापन केल्यास तो अपयशी ठरतो. त्या रकमेतून कोणत्या संस्था व कोणत्या हक्कांची जाणीव उभी राहिली, हे पाहिल्यास मात्र त्याचे ऐतिहासिक महत्त्व स्पष्ट होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) १९८० च्या दशकातील अमेरिकन शेतीसंकटाची कारणे समजून घेणे.
२) कंट्री संगीत व ग्रामीण समाज यांच्यातील ऐतिहासिक संबंधाचा आढावा घेणे.
३) ‘फार्म एड’ने उभारलेल्या निधीचा विनियोग व त्याचा शेतकरी चळवळीवरील परिणाम तपासणे.
४) दातृत्वावर आधारित उपक्रमाच्या मर्यादा स्पष्ट करणे.

शेतीसंकटाची पार्श्वभूमी

अमेरिकन शेतकऱ्यांवरील १९८० च्या दशकातील संकटाची बीजे त्यापूर्वीच्या भरभराटीत होती. १९७२ मध्ये सोव्हिएत रशियाने अमेरिकेकडून मोठ्या प्रमाणावर धान्य खरेदी केले. जागतिक बाजारात धान्याचे भाव वाढले. १९७१ ते १९७६ या काळात कृषिमंत्री असलेले अर्ल बुट्झ यांनी कुंपणापासून कुंपणापर्यंत सर्व जमीन लागवडीखाली आणा व शेतीचा आकार वाढवा, असा आग्रह धरला. जमिनीच्या किमती वर्षागणिक चढत होत्या आणि महागाईच्या तुलनेत व्याजदर कमी होते. त्यामुळे जमीन तारण ठेवून आणखी जमीन व मोठी यंत्रे घेणे शहाणपणाचे मानले जाऊ लागले. बँकांनीही जमिनीच्या उत्पन्नापेक्षा तिच्या वाढत्या किमतीकडे पाहून कर्जे दिली.

१९७९ मध्ये हे चित्र पालटले. पॉल व्होल्कर हे फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष झाले व महागाई रोखण्यासाठी त्यांनी पतपुरवठा आवळला. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा मूळ व्याजदर २१.५ टक्क्यांपर्यंत पोहोचला. जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानावरील आक्रमणाच्या निषेधार्थ अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सोव्हिएत रशियास होणाऱ्या धान्यनिर्यातीवर निर्बंध लादले. एप्रिल १९८१ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ते उठवले. तथापि डॉलर महाग झाल्याने अमेरिकन धान्यास परदेशी ग्राहक मिळणे कठीण झाले होते. भाव घसरले आणि व्याज वाढले. ज्या जमिनीच्या आधारावर कर्जे उभी होती, तिची किंमतही कोसळली. आयोवा राज्यात १९८१ मध्ये एकरी सरासरी २,१४७ डॉलर असलेला जमिनीचा भाव १९८६ मध्ये ७८७ डॉलरवर आला. वेळेवर हप्ते भरणारा शेतकरीदेखील केवळ तारणाचे मूल्य घटल्यामुळे बँकेच्या लेखी बुडीत ठरू लागला.

या सुमारास देशातील शेतकऱ्यांवर एकूण सुमारे २०० अब्ज डॉलरचे कर्ज होते. १९८५ मध्ये अमेरिकेत १२० बँका बुडाल्या व त्यांतील जवळपास निम्म्या प्रामुख्याने शेतीकर्जे देणाऱ्या होत्या. जप्ती आणि लिलाव हे मध्यपश्चिमेतील गावांत नित्याचे दृश्य झाले. डिसेंबर १९८५ मध्ये आयोवातील हिल्स या लहानशा गावाच्या परिसरात एका कर्जबाजारी शेतकऱ्याने पत्नी, बँकेचे अध्यक्ष व एक शेजारी यांची हत्या करून स्वतःचे जीवन संपवले. आत्महत्या व कौटुंबिक विघटनाच्या घटनांनी चर्चसंस्था व समाजसेवक चिंतित झाले होते.

शेतकरी मात्र केवळ सोसत राहिले नव्हते. १९७७ मध्ये कोलोरॅडो राज्यात ‘अमेरिकन ॲग्रिकल्चर मूव्हमेंट’ ही संघटना स्थापन झाली होती. १९७८ व १९७९ मध्ये तिच्या सदस्यांनी वॉशिंग्टनवर ट्रॅक्टर मोर्चे नेले. त्यांची मुख्य मागणी ‘पॅरिटी’ची, म्हणजे समतुल्य भावाची होती. १९१० ते १९१४ या काळात शेतमालाच्या किमती व शेतकऱ्याने विकत घ्यावयाच्या वस्तूंच्या किमती यांत जे प्रमाण होते, ते आधारभूत मानून भाव ठरवावेत, असा तिचा अर्थ होता. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८० मध्ये नाशिक परिसरात कांदा व उसाच्या रास्त भावासाठी आंदोलन केले. ही दोन आंदोलने परस्परांशी संबंधित नव्हती आणि बाजारातील शासकीय हस्तक्षेपाविषयीच्या त्यांच्या भूमिकाही भिन्न होत्या. परंतु शेतकऱ्याचे दारिद्र्य हा दयेचा नव्हे तर भावाचा प्रश्न आहे, हे दोन्हींचे सूत्र होते. ‘फार्म एड’च्या मूल्यमापनात हे सूत्र ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२७ फेब्रुवारी १९८५ रोजी आयोवातील एम्स येथे सुमारे १५,००० शेतकऱ्यांचा मेळावा झाला. त्यानंतर आठवडाभरातच, ६ मार्च रोजी, अध्यक्ष रेगन यांनी शेतकऱ्यांना तातडीचा पतपुरवठा करणारे विधेयक नकाराधिकार वापरून फेटाळले. संगीत महोत्सवाची कल्पना पुढे आली ती या राजकीय कोंडीच्या काळात.

कंट्री संगीत आणि ग्रामीण समाज

कंट्री संगीत हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण कष्टकरी वर्गात वाढले. ब्रिटिश बेटांतून आलेली कथागीते व फिडलवादन, आफ्रिकन-अमेरिकन ब्लूज व बँजो आणि चर्चमधील भक्तिगीते यांच्या मिश्रणातून ते घडले. त्याच्या प्रसारात रेडिओचा वाटा मोठा होता आणि या रेडिओचा शेतीशी थेट संबंध होता. शिकागोच्या ‘डब्ल्यूएलएस’ केंद्रावरून १९२४ मध्ये ‘नॅशनल बार्न डान्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. हे केंद्र शेतकऱ्यांना टपालाने माल विकणाऱ्या सिअर्स रोबक कंपनीने स्थापन केले होते व १९२८ मध्ये ते ‘प्रेअरी फार्मर’ या कृषिविषयक नियतकालिकाच्या मालकीचे झाले. १९२५ मध्ये नॅशव्हिल येथील ‘डब्ल्यूएसएम’ केंद्रावरून, पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणून विख्यात झालेला कार्यक्रम सुरू झाला. बाजारभाव, हवामान आणि संगीत हे तिन्ही ग्रामीण श्रोत्यास एकाच यंत्रातून ऐकू येत होते.

या संगीतातील अनेक गायकांची चरित्रे म्हणजे अमेरिकन शेतीच्या इतिहासाची प्रकरणेच होत. जॉनी कॅश यांचे बालपण आर्कान्सा राज्यातील डायस या वसाहतीत कापसाच्या शेतात गेले. महामंदीच्या काळात निराधार शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्रशासनाने ही वसाहत वसवली होती. मर्ल हॅगार्ड यांचे आईवडील १९३५ मध्ये ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियात स्थलांतरित झाले होते. कंट्री संगीतातील अग्रगण्य कृष्णवर्णीय गायक चार्ली प्राइड हे मिसिसिपी राज्यातील वाटेकरी शेतकऱ्याचे पुत्र होते. विली नेल्सन यांचा जन्म २९ एप्रिल १९३३ रोजी टेक्सास राज्यातील ॲबट या गावी झाला. आजीआजोबांकडे वाढलेल्या नेल्सन यांनी लहानपणी कापूस वेचण्याचे काम केले होते.

१९७० च्या दशकात नॅशव्हिलमधील व्यावसायिक चौकट नाकारून नेल्सन टेक्सासमध्ये परतले. १९७३ पासून ते ४ जुलै या राष्ट्रीय दिनी उघड्या माळावर मोठे संगीत मेळावे भरवू लागले. कंट्री संगीताचे परंपरानिष्ठ श्रोते आणि रॉक संगीताचे तरुण चाहते या मेळाव्यांत एकत्र येत. ‘फार्म एड’साठी लागणारे आयोजनकौशल्य व संमिश्र श्रोतृवर्ग या दोहोंची पूर्वतयारी या अनुभवातून झाली होती.

‘लाइव्ह एड’ ते ‘फार्म एड’

निधिसंकलनासाठी भव्य मैफल भरवण्याच्या आधुनिक प्रथेचा आरंभ सामान्यतः १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे झालेल्या ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’पासून मानला जातो. पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून जॉर्ज हॅरिसन यांनी ती योजली होती. मैफल यशस्वी झाली, परंतु तिच्या ध्वनिमुद्रिकेच्या उत्पन्नाचा मोठा भाग करविषयक अडचणींमुळे अनेक वर्षे अडकून पडला. निधी जमवण्यापेक्षा तो योग्य ठिकाणी पोहोचवणे अवघड असते, हा धडा या प्रसंगाने दिला.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडन व फिलाडेल्फिया येथे एकाच वेळी ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम झाला. फिलाडेल्फियाच्या रंगमंचावरून बॉब डिलन यांनी, जमलेल्या पैशातील थोडासा भाग अमेरिकन शेतकऱ्यांची बँकेकडील गहाणे सोडवण्यासाठी वापरता येईल, अशी अपेक्षा बोलून दाखवली. कार्यक्रमाचे प्रवर्तक बॉब गेल्डॉफ यांना हे उद्गार अत्यंत अनुचित वाटले. उपासमारीने मरणारी माणसे व जमीन गमावणारी माणसे यांची तुलना होऊ शकत नाही, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता. डिलन यांचे उद्गार प्रसंगोचित नसले, तरी त्यांनी एका दुर्लक्षित प्रश्नास वाचा फोडली. नेल्सन यांनी तो धागा उचलून शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम करण्याचे ठरवले. इलिनॉयचे गव्हर्नर जेम्स थॉम्सन यांच्या सहकार्याने इलिनॉय विद्यापीठाचे मेमोरियल स्टेडियम उपलब्ध झाले. इंडियाना राज्यातील सीमूर या लहान गावातून आलेले जॉन मेलनकँप आणि मूळचे कॅनडाचे नील यंग हे दोन रॉक गायक नेल्सन यांना येऊन मिळाले. मेलनकँप यांचा ‘स्केअरक्रो’ हा गीतसंग्रह त्याच वर्षी प्रकाशित झाला होता व शेतजमिनीवरील जप्ती हा त्यातील एका प्रमुख गीताचा विषय होता.

पहिला महोत्सव

‘लाइव्ह एड’नंतर अवघ्या दहा आठवड्यांत हा महोत्सव प्रत्यक्षात आला. सुमारे ८०,००० श्रोते उपस्थित होते. ‘द नॅशव्हिल नेटवर्क’ या दूरचित्रवाहिनीने त्याचे प्रक्षेपण केले. जॉनी कॅश, वेलन जेनिंग्ज, मर्ल हॅगार्ड, लोरेटा लिन, चार्ली प्राइड व ‘अलाबामा’ या कंट्री परंपरेतील कलावंतांबरोबरच बॉब डिलन, टॉम पेटी, बिली जोएल, बॉनी रेट व ब्लूज गायक बी. बी. किंग यांनीही कला सादर केली. त्यामुळे हा महोत्सव निव्वळ कंट्री संगीताचा राहिला नाही. त्याचा गाभा कंट्री संगीताचा होता, पण त्याचे आवाहन शहरी तरुणांपर्यंत पोहोचले. धान्य पिकवणारा व धान्य खाणारा यांच्यातील अंतर कमी करणे हा पुढे या संस्थेचा मुख्य कार्यक्रम झाला. त्याची सुरुवात या संमिश्र रंगमंचावर दिसते.

या एका दिवसात ७० लाख डॉलरहून अधिक निधी जमला. ही रक्कम लहान नव्हती. तथापि ती संकटाच्या प्रमाणात मोजली असता वेगळेच चित्र दिसते. २०० अब्ज डॉलरच्या कर्जाशी तुलना करता दर एक लाख डॉलर कर्जामागे ती केवळ साडेतीन डॉलर भरते. या कर्जावर दरसाल दहा टक्के व्याज गृहीत धरले तरी रोजचे व्याज साडेपाच कोटी डॉलरच्या घरात जाते. म्हणजे सकाळपासून रात्री उशिरापर्यंत चाललेल्या या महोत्सवाने जो निधी मिळवला, तो देशातील शेतकऱ्यांच्या सुमारे तीन तासांच्या व्याजाइतका होता. मैफल चालू असतानाच तिच्या उत्पन्नाहून अधिक व्याज शेतकऱ्यांच्या खाती चढले होते. शेतकऱ्यांची गहाणे सोडवण्याचा डिलन यांनी सुचवलेला मार्ग या हिशेबाने अशक्यप्राय ठरत होता.

निधीचा विनियोग : मदतीकडून संघटनेकडे

कर्ज फेडणे शक्य नाही, हे स्पष्ट झाल्यावर निधी कशासाठी वापरावा, हा कळीचा प्रश्न होता. प्रत्येक अडलेल्या कुटुंबास थोडी रोख रक्कम देणे हा सर्वांत सोपा व लोकप्रिय मार्ग होता. तातडीच्या गरजांसाठी, विशेषतः अन्नधान्यासाठी, काही निधी खर्च झालाच. धान्य पिकवणाऱ्या कुटुंबांना अन्नसाहाय्याची गरज पडावी, हा त्या काळाचा विदारक विरोधाभास होय. परंतु कॅरोलिन मुगर यांच्या कार्यकारी नेतृत्वाखाली संस्थेने निधीचा महत्त्वाचा भाग स्थानिक शेतकरी संघटना, मदतवाहिन्या, कायदेविषयक साहाय्य व समुपदेशन यांकडे वळवला.

या निर्णयामागील तर्क समजून घेण्यासाठी त्या काळातील जप्तीची प्रक्रिया पाहावी लागते. बँकांनी नाकारलेल्या शेतकऱ्यांना कर्ज देणारी ‘फार्मर्स होम ॲडमिनिस्ट्रेशन’ ही शासकीय यंत्रणा होती. हप्ते लांबणीवर टाकण्यासाठी अर्ज करण्याचा हक्क कायद्याने दिला होता, पण बहुसंख्य कर्जदारांना त्याची माहितीच दिली जात नव्हती. नॉर्थ डकोटातील वकील सारा व्होगेल यांनी शेतकऱ्यांच्या वतीने लढवलेल्या ‘कोलमन विरुद्ध ब्लॉक’ या दाव्यात १९८३ मध्ये न्यायालयाने पुरेशी सूचना व सुनावणी यांशिवाय होणाऱ्या अशा जप्त्यांना देशव्यापी मनाई केली. म्हणजे हजारो कुटुंबे केवळ पैशाअभावी नव्हे, तर माहिती व वकील यांच्या अभावी जमीन गमावत होती. अशा परिस्थितीत एका शेतकऱ्यास दिलेले शंभर डॉलर एका हप्त्यालाही पुरत नसत. तीच रक्कम अनेकांना हक्कांची माहिती देणाऱ्या कार्यकर्त्यासाठी वापरल्यास एखादे शेत वाचू शकत असे. मिनेसोटात १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फार्मर्स लीगल ॲक्शन ग्रुप’ या विधिसाहाय्य संस्थेस ‘फार्म एड’चे पाठबळ लाभले, ते याच विचाराने.

दुसरे महत्त्वाचे पाऊल म्हणजे १९८६ मध्ये सेंट लुइस येथे भरलेली ‘युनायटेड फार्मर अँड रँचर काँग्रेस’. ‘फार्म एड’च्या निधीतून देशभरातील शेतकरी प्रतिनिधी तेथे एकत्र आले व त्यांनी कृषिधोरणाविषयी ठराव केले. दान घेणारा म्हणून ज्याच्याकडे पाहिले जात होते, तो शेतकरी या सभेत धोरणाचा कर्ता म्हणून बोलत होता. याच वर्षी अस्तित्वात आलेली ‘नॅशनल फॅमिली फार्म कोएलिशन’ ही संघटना या जागृतीचेच अपत्य होय. ग्रामीण भागातील संतापाचा लाभ उठवून ‘पॉसी कॉमिटेटस’सारखे वंशद्वेषी गट आपले पाय पसरत होते. ज्यू सावकार हेच संकटाचे कारण असल्याचा अपप्रचार ते करीत. अशा वेळी शेतकऱ्यास सनदशीर संघटनेचा पर्याय उपलब्ध असणे लोकशाहीच्या दृष्टीनेही मोलाचे होते.

कायदा : यश आणि अपयश

१९८७ मध्ये नेल्सन व मेलनकँप यांनी शेतकऱ्यांसह अमेरिकन काँग्रेससमोर आपली बाजू मांडली. त्याच वर्षी ‘ॲग्रिकल्चरल क्रेडिट ॲक्ट’ संमत झाला आणि ६ जानेवारी १९८८ रोजी अध्यक्ष रेगन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. या कायद्यातील काही तरतुदी शेतकऱ्यांना थेट दिलासा देणाऱ्या होत्या. जप्तीपेक्षा कर्जाची पुनर्रचना कमी खर्चाची असेल, तर धनकोने पुनर्रचनाच करावी, असे बंधन घालण्यात आले. जप्त झालेली जमीन पुन्हा विकताना मूळ मालकास प्रथम संधी देण्यात आली. शेतकरी व धनको यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या राज्यस्तरीय योजनांना केंद्रीय अनुदान मिळाले.

या कायद्याचे श्रेय अनेकदा ‘फार्म एड’ला दिले जाते. हे श्रेय काहीसे तपासून घ्यावे लागते. ‘फार्म क्रेडिट सिस्टीम’ या सहकारी पतव्यवस्थेस १९८५ मध्ये सुमारे २.७ अब्ज व १९८६ मध्ये १.९ अब्ज डॉलर तोटा झाला होता आणि तिला वाचवणे शासनास भाग होते. कायद्याने या व्यवस्थेसाठी चार अब्ज डॉलरपर्यंतच्या साहाय्याची सोय केली. धनको संकटात आल्यामुळेच कायदा झाला, असे म्हणणे अधिक वस्तुस्थितीस धरून होईल. परंतु धनकोच्या बचावाच्या कायद्यात ऋणकोच्या हक्कांची कलमे समाविष्ट झाली, यामागे संघटित शेतकऱ्यांचा दबाव होता, आणि तो दबाव टिकवून धरण्यात ‘फार्म एड’च्या निधीचा व प्रसिद्धीचा वाटा होता.

याउलट भावाच्या प्रश्नावर चळवळीस यश आले नाही. आयोवाचे सिनेटर टॉम हार्किन व मिसुरीचे प्रतिनिधी रिचर्ड गेपहार्ट यांनी उत्पादनाचे नियमन करून शेतमालास वाढीव भाव देणारे ‘सेव्ह द फॅमिली फार्म’ विधेयक मांडले. शेतकरी संघटनांनी त्यास पाठिंबा दिला, परंतु ते संमत झाले नाही. हा भेद अर्थपूर्ण आहे. कर्जाचा प्रश्न करुणेच्या भाषेत मांडता येत होता. जप्तीच्या वेळी रडणारे कुटुंब शहरी श्रोत्यास समजत होते. समतुल्य भावाची मागणी मात्र धान्यव्यापारी, प्रक्रिया उद्योग व खुद्द ग्राहक यांच्या हितास भिडत होती. गाण्याने मन द्रवते, पण भाव वाढवून देण्यास ते पुरेसे ठरत नाही.

टीका व मर्यादा

‘फार्म एड’वर वेळोवेळी टीका झाली. २००५ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या दैनिकाने संस्थेच्या उत्पन्नाचा किती भाग अनुदानांच्या रूपाने वाटला जातो, याविषयी प्रश्न उपस्थित केला. त्या वर्षी महोत्सवाच्या वेळी नील यंग यांनी वार्ताहरांसमोर तो अंक फाडला. हा आवेश समजण्यासारखा असला, तरी प्रश्न गैरवाजवी नव्हता. दात्यास हिशेब मागण्याचा अधिकार असतो. मात्र या वादात दोन भिन्न अपेक्षा एकमेकींवर आदळत होत्या. निधी म्हणजे वाटप, असे मानणाऱ्यास मदतवाहिनी, लोकशिक्षण व धोरणविषयक कार्य यांवरील खर्च हा आस्थापना खर्च वाटतो. संघटना बांधू पाहणाऱ्यास तेच मुख्य कार्य वाटते.

दुसरी मर्यादा वांशिक स्वरूपाची होती. कुटुंबाची शेती या संकल्पनेचे प्रचलित चित्र मध्यपश्चिमेतील गोऱ्या शेतकऱ्याचे होते. वस्तुतः १९२० मध्ये सुमारे ९ लाख २६ हजार असलेली कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची संख्या १९८२ मध्ये सुमारे ३३ हजारांवर आली होती. त्यांचे संकट १९८० मध्ये सुरू झालेले नव्हते आणि त्यात शासकीय पतपुरवठ्यातील भेदभावाचा वाटा मोठा होता. हा भेदभाव १९९९ मध्ये ‘पिगफर्ड विरुद्ध ग्लिकमन’ या दाव्यातील तडजोडीमुळे देशासमोर ठळकपणे आला. ‘फार्म एड’ने ‘फेडरेशन ऑफ सदर्न कोऑपरेटिव्हज’ या दक्षिणेकडील सहकारी संस्थेस साहाय्य केले, ही जमेची बाजू होय. तथापि पहिल्या महोत्सवाने लोकांच्या मनात जी शेतकऱ्याची प्रतिमा रुजवली, तीत हा शेतकरी क्वचितच होता.

तिसरी व सर्वांत मोठी मर्यादा आकडेवारीतच दिसते. अमेरिकेत १९३५ मध्ये ६८ लाख शेते होती. १९८२ च्या कृषिगणनेत ती सुमारे २२ लाख ४० हजार व २०२२ च्या गणनेत सुमारे १९ लाख इतकी उरली. चार दशकांच्या महोत्सवांनी ही घसरण थांबवली नाही.

पुढील वाटचाल

आरंभी हा उपक्रम दीर्घकाळ चालवण्याचा हेतू नव्हता. १९८६ मध्ये टेक्सासमधील मेनर येथे व १९८७ मध्ये नेब्रास्कातील लिंकन येथे महोत्सव झाले. १९८८, १९८९ व १९९१ मध्ये ते झाले नाहीत. १९९२ पासून मात्र ते दरवर्षी भरू लागले. जप्त्यांची लाट ओसरली, तसा संस्थेचा रोख औद्योगिक शेतीच्या विस्ताराकडे वळला. १९९५ मध्ये मिसुरीतील लिंकन टाउनशिप येथे प्रचंड वराहपालन प्रकल्पांविरुद्ध शेतकऱ्यांनी भरवलेल्या मेळाव्यात नेल्सन यांनी गायन केले. पुढील काळात महोत्सवाच्या मैदानावरील खाद्यपदार्थही कुटुंबांनी कसलेल्या शेतांतून घेतले जाऊ लागले. संचालक मंडळात २००१ मध्ये डेव्ह मॅथ्यूज व २०२१ मध्ये मार्गो प्राइस यांचा समावेश झाला. ऐंशीच्या दशकातील संकटात प्राइस यांच्या कुटुंबाची इलिनॉयमधील शेती गेली होती. २०२० मध्ये कोविड साथीमुळे महोत्सव केवळ दृक्‌श्राव्य प्रक्षेपणाच्या रूपात झाला. स्थापनेपासून उभारलेला एकूण निधी आठ कोटी डॉलरच्या पुढे गेला आहे.

मदतवाहिनीचे कार्य या काळात सातत्याने चालू राहिले. दुधाचे व धान्याचे भाव घसरल्याने २०१८ मध्ये तिच्याकडे येणाऱ्या दूरध्वनींत मोठी वाढ झाली. शेतकऱ्यांच्या मानसिक ताणावर साहाय्य देणारी केंद्रीय योजना २००८ च्या कृषिकायद्यात मंजूर होऊनही दहा वर्षे निधीविना पडून होती. तिला निधी मिळावा म्हणून ‘फार्म एड’ व अन्य संघटनांनी पाठपुरावा केला आणि २०१८ च्या कृषिकायद्यानंतर ती कार्यान्वित झाली. २०२५ च्या महोत्सवापूर्वी मिनेसोटा विद्यापीठातील कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. त्यांचा संप मोडून कार्यक्रम करणार नाही, ही भूमिका आयोजकांनी घेतली व तडजोड झाल्यानंतरच महोत्सव पार पडला. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमास श्रमिकांच्या हक्कांशी फारकत घेता येत नाही, याची ही कबुली होती.

निष्कर्ष

१) १९८० च्या दशकातील अमेरिकन शेतीसंकट हे निसर्गाने नव्हे, तर पतधोरण, निर्यातधोरण व भावव्यवस्था यांनी निर्माण केले होते. त्यामुळे निव्वळ दानाने त्याचे निराकरण होणे शक्य नव्हते.
२) कंट्री संगीत व शेतकरी समाज यांचे नाते रेडिओच्या काळापासून दृढ होते. या नात्यामुळे महोत्सवाच्या आवाहनास ग्रामीण भागात विश्वासार्हता लाभली व रॉक संगीताच्या सहभागामुळे ते शहरांपर्यंत पोहोचले.
३) पहिल्या महोत्सवाचा निधी एकूण कर्जाच्या तुलनेत नगण्य होता. तो कायदेविषयक साहाय्य, मदतवाहिनी व संघटनाबांधणी यांसाठी वापरल्यामुळेच त्याचा परिणाम टिकून राहिला.
४) कर्जदारांच्या संरक्षणाच्या बाबतीत चळवळीस मर्यादित यश मिळाले, परंतु शेतमालाच्या भावाच्या मूळ प्रश्नावर तिला अपयश आले. करुणेस आवाहन करणाऱ्या माध्यमाची ही अंगभूत मर्यादा होय.
५) शेतांची संख्या सतत घटत राहिली. म्हणून ‘फार्म एड’चे मोजमाप वाचलेल्या शेतांच्या एकूण आकड्यावर नव्हे, तर शेतकऱ्यास याचकाच्या भूमिकेतून हक्कदाराच्या भूमिकेत आणण्याच्या प्रयत्नावर करणे न्याय्य ठरेल.

एखाद्या मदत कार्यक्रमाचे यश त्यानंतर त्याची गरज उरू नये, यात मानले जाते. ‘फार्म एड’ चाळीस वर्षांनंतरही भरतो, ही त्याच्या चिकाटीची साक्ष आहे. ज्या भावव्यवस्थेने त्यास जन्म दिला, ती फारशी बदलली नाही, याचाही तो पुरावा आहे. दातृत्वाच्या इतिहासाचा अभ्यास करताना किती रक्कम दिली गेली याबरोबरच, ज्यास ती दिली त्यास बोलण्याचे बळ मिळाले काय, हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.